आकडा आधी कोण बोलतो?

कोथरूडमधल्या वीस-बावीस वर्षं जुन्या इमारतीतला एक दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. घर कल्पित आहे, आकडेही हिशेबापुरते मानलेले. मालकाने मनाशी एक खालची रेघ ओढली आहे: १ कोटी. त्याच्या खाली तो विकणार नाही. घर आवडलेली तीन गिऱ्हाइकं आहेत. एका नोकरदार जोडप्याची धाव १ कोटी १८ लाखांपर्यंत, एका निवृत्त शिक्षकांची १ कोटी १२ लाखांपर्यंत आणि एका तरुण इंजिनियरची १ कोटी ६ लाखांपर्यंत. हे आकडे ज्याचे त्याच्या पोटात आहेत. तर या घराची किंमत किती?

"बाजारात असेल तो भाव" हे उत्तर सोपं आहे, पण ते इथे पुरत नाही. मालकाची रेघ आणि जोडप्याची धाव यांच्यामध्ये १८ लाखांचं मोकळं मैदान आहे. व्यवहार या मैदानात कुठेही थांबू शकतो. तो नेमका कुठे थांबेल हे बरंचसं घराबाहेरच्या तीन गोष्टी ठरवतात: आकडा आधी कोण बोलतो, दुसऱ्याचा आकडा आपल्याला दिसतो का, आणि दिलेला शब्द कोणत्या क्षणी बांधतो. पुण्यात या तीन प्रश्नांना एक उत्तर आहे, एडिंबरात दुसरं, मेलबर्नमध्ये तिसरं.

आधी आपली रीत. मालक दलालाला विचारतो, किती कोट करू? दलाल म्हणतो, सव्वा सांगा, एक-पंधरापर्यंत येऊ. सव्वा कोटी ही किंमत नाही हे मालकाला माहीत असतं, दलालाला असतं आणि गिऱ्हाइकालाही असतं. तरीही तो आकडा बोलावाच लागतो. गिऱ्हाईक घासाघीस करणार म्हणून मालक फुगवून सांगतो, आणि मालकाने फुगवलेलंच असणार म्हणून गिऱ्हाईक घासाघीस करतं. या चक्रात सरळ माणसाची पंचाईत होते. एखाद्याने पहिल्याच दमात खरा आकडा, समजा १ कोटी १० लाख, सांगितला तरी समोरचा तो फुगवलेलाच धरतो आणि 'फायनल किती?' विचारून एक-दोनवर आणायला बघतो.

सगळ्यांना खोटा ठाऊक असलेला आकडा निरुपयोगी असायला हवा. तसं होत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या संशोधकांनी टूसॉन शहरातल्या एका खऱ्याखुऱ्या घरावर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या एजंटांना त्यांनी घर फिरून दाखवलं, माहितीची जाडजूड चोपडी हातात दिली आणि घराची रास्त किंमत विचारली. माहिती सगळ्यांना एकच होती. फरक फक्त चोपडीत छापलेल्या मागणीच्या आकड्यात होता. कोणाला तो कमी दाखवला होता, कोणाला जास्त. जास्त आकडा पाहिलेल्यांनी घर जास्त किमतीचं ठरवलं, कमी पाहिलेल्यांनी कमी. एजंटही त्यातून सुटले नाहीत. गंमत म्हणजे मागणीच्या आकड्याकडे आपण लक्ष दिल्याचं बहुतेक एजंटांनी कबूल केलं नाही. आपण सव्वा कोटीला हसतो, पण उत्तर देताना 'पंचाण्णवला देता का' असं न म्हणता 'एक-पाचला बसू' असं म्हणतो. तिथेच त्या आकड्याने आपलं काम केलेलं असतं.

आपल्या रीतीत गिऱ्हाइकं एकमेकांना दिसत नाहीत. ती सहसा एकेक करून येतात. आधी इंजिनियर आला आणि मालकाला पैशांची घाई असली, तर घर १ कोटी ३ लाखांतही जाईल. अठरावाल्या जोडप्याला ते विकायला होतं हेसुद्धा कळणार नाही. जोडपं आधी आलं आणि मालक निवांत असला, तर १ कोटी १४ लाख. घर तेच, अकरा लाखांचा फरक, आणि तो कोणाची घाई जास्त यावर. 'दुसरी पार्टी तयार आहे, उद्या टोकन देतेय' हे दलालाचं वाक्य म्हणूनच इतकं जोरकस लागू पडतं. दुसरी पार्टी खरी की बनावट हे तपासायची सोय नाही, आणि खरी असली तर घर जाईल ही भीती असतेच.

दलाल मालकाकडून किंवा दोन्हीकडून टक्का-दोन टक्के घेतो, म्हणून तो किंमत वरच ढकलणार असं आपण धरून चालतो. हिशेब मांडला की वेगळं दिसतं. किंमत पाच लाखांनी वाढली तर एका टक्क्याने दलालाच्या हाती जास्तीचे पाच हजार येतात, आणि त्यासाठी आणखी महिनाभर माणसं फिरवून घर दाखवावं लागतं. आज १ कोटी ५ लाखांत व्यवहार उरकला तर लाखभर रुपये आजच मिळतात. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्रींच्या नोंदी तपासल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहतं आणि ३.७ टक्के जास्त किमतीला जातं. म्हणजे थांबण्याची किंमत त्यांना कळते, फक्त ती स्वतःच्या घरापुरती वसूल केली जाते. आपल्याकडचे दलाल काही वेगळ्या मातीचे असतील असं मला वाटत नाही.

कोटवर विश्वास नाही, दलालावर नाही, मग शेजारचा फ्लॅट खरोखर कितीला गेला हे बघावं. महाराष्ट्रात त्याची सोय आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घातला की नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन, बोलीभाषेत इंडेक्स टू, पाहता येते. तिच्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे सरकारच्या वार्षिक दर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, काढलेलं मूल्य. दोन्हींपैकी जो जास्त त्यावर मुद्रांक शुल्क.

अडचण अशी की जिथे व्यवहाराचा काही भाग 'कॅश'मध्ये होतो तिथे मोबदल्याचा आकडा खरा नसतो. तो रेडी रेकनरच्या आसपास घुटमळतो. मोबदला सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी दाखवला तर आयकर खातं विकणाऱ्याच्या हिशेबात सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरतं आणि घेणाऱ्याच्या हिशेबात फरक उत्पन्न म्हणून मोजतं, त्यामुळे लिहिलेल्या किमतीला खालून टेकू मिळतो. वरून मात्र काही बंधन नाही. स्थावर व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे, तरी 'किती व्हाइट, किती ब्लॅक' हा प्रश्न संपलेला नाही. काळ्या पैशाचं करबुडवेपण सगळे बोलतात. माझ्या मते घराच्या भावाच्या दृष्टीने त्याचं दुसरं नुकसान मोठं आहे: खऱ्या किमतींची एकमेव जाहीर वही तो खोटी करतो. वही खोटी ठरली की पुढचं गिऱ्हाईक पुन्हा कोट आणि दलालाचं तोंड यांच्यावरच येऊन पडतं.

कर्जावर घर घेणाऱ्याची यात आणखी कोंडी होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं, आणि बँकेला दिसते ती कागदावरची किंमत. रोखीचा भाग, मुद्रांक शुल्क, दलाली हे सगळं स्वतःच्या खिशातून. म्हणून एकाच घरासाठी पगारदार गिऱ्हाईक आणि व्यापारी गिऱ्हाईक वेगवेगळे आकडे बोलतात. ऐपत सारखी असली तरी पैशाचा रंग सारखा नसतो.

नव्या बांधकामात घासाघीस दुसऱ्या जागी होते. बिल्डर चौरस फुटाचा दर सहजासहजी खाली आणत नाही, कारण एका दस्तात कमी दर नोंदला गेला की आधी घेतलेले भांडायला येतात आणि पुढचे तोच दर मागतात. म्हणून मंदीतसुद्धा दर तसाच राहतो आणि मुद्रांक शुल्क बिल्डर भरतो, मॉड्युलर किचन फुकट येतं, पार्किंगचे पैसे सोडले जातात. सवलत दिली जाते, पण ती आकड्यात दिसू दिली जात नाही. बाजार थंड असताना भाव 'स्थिर' असल्याच्या बातम्या येतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आता स्कॉटलंड. तिथे घरविक्री बहुतेक ठिकाणी वकिलांच्या कचेऱ्यांतून होत आली आहे. एडिंबरातल्या वकिलांनी एकत्र येऊन त्यासाठी स्वतःचं विक्री केंद्रही उभारलं. घराच्या जाहिरातीवर आकडा असतो आणि त्याच्याआधी 'यापुढच्या बोली' अशा अर्थाचे शब्द. म्हणजे आकडा आधी विकणाराच बोलतो, पण उलट्या बाजूने: आपण छप्पर सांगतो, ते जमीन सांगतात. घर आवडलं की गिऱ्हाइकाचा वकील 'आम्हाला रस आहे' अशी नोंद करतो. अशा दोन-चार नोंदी झाल्या की विकणाऱ्याचा वकील एक दिवस ठरवतो, बहुधा दुपारी बाराची वेळ. तोवर प्रत्येकाने एकच बंद बोली द्यायची. दुसऱ्याने किती लिहिलं हे कळत नाही. बारा वाजता बोली उघडतात आणि विकणारा निवड करतो. सर्वांत मोठीच घेतली पाहिजे असं बंधन नाही. ताबा कधी हवा, पैसे तयार आहेत का, हेही तो बघतो.

आपली तीन गिऱ्हाइकं या खोलीत बसवू. जोडप्यापुढचा पेच असा: ११८ लिहिलं तर घर नक्की, पण आपल्या पुरत्या ऐपतीत; शिल्लक काही नाही. ११३ लिहिलं आणि जिंकलो तर पाच लाख वाचले. पण समोर कोण बसलंय, किती जण आहेत, काहीच माहीत नाही. घर हातचं जाण्याची धास्ती जितकी मोठी, तितका आकडा वर. आधी दोन-तीन घरं अशीच हुकलेली असतील तर ते सरळ ११६ लिहितात. दुसऱ्या क्रमांकाच्या शिक्षकांची धाव ११२ लाखांवरच संपत होती, म्हणजे चार लाख निव्वळ अंधाराला दिले. उलटही घडतं. जोडप्याने धूर्तपणे ११० लिहिलं आणि शिक्षकांनी १११, तर घर ज्यांना ते सर्वांत मोलाचं वाटत होतं त्यांना मिळतच नाही.

विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये लिलावाच्या या प्रकारांचं गणित मांडलं. त्याचा एक चकित करणारा निष्कर्ष असा की काही अटी पाळल्या गेल्या तर बंद बोली काय आणि उघडा लिलाव काय, विकणाऱ्याच्या हाती सरासरी सारखीच रक्कम येते. पण त्या अटींतली एक अशी की बोली लावणारा हरण्याला घाबरत नाही. घराच्या बाबतीत असा माणूस शोधून दाखवावा. मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत घर हवं असणारं कुटुंब घाबरतंच, आणि बंद पाकीट त्या भीतीची वसुली करतं.

स्कॉटलंडने या अंधारात एक दिवा लावला. १ डिसेंबर २००८ पासून विकणाऱ्याने घर बाजारात आणण्याआधी 'होम रिपोर्ट' करून घ्यायचा असतो: सर्वेक्षकाची पाहणी, त्याने ठरवलेलं मूल्य, ऊर्जावापराचा दाखला आणि घराबद्दलची प्रश्नावली. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःच्या खर्चाने पाहणी करायचं आणि बोली हरलं की ते पैसे पाण्यात. होम रिपोर्टमुळे खर्च वाचला, पण बोली लावायची भाषाही बदलली. आता लोक 'रिपोर्टच्या वर किती टक्के' असं बोलतात. बँक कर्ज देते ते रिपोर्टातल्या मूल्यावर; वरची रक्कम रोख साठवणीतून. त्यामुळे गरम बाजारात जिंकतो तो जास्त पगारवाला नव्हे, जास्त शिलकीवाला. पहिलं घर घेणारी तरुण मंडळी तिथे अडकतात ती इथेच.

मेलबर्नमध्ये सगळं उघड्यावर. शनिवारी घरासमोरच्या फुटपाथवर माणसं जमतात, शेजारीपाजारीही बघायला येतात आणि लिलाव पुकारणारा बोली चढवतो. विकणाऱ्याची खालची रेघ गुप्त असते. बोली ती ओलांडली की पुकारणारा घर आता खरोखर विक्रीला असल्याचं जाहीर करतो, आणि गर्दीचा सूर बदलतो. विकणाऱ्याच्या वतीनेही बोली लावता येते, पण ती तशी असल्याचं मोठ्याने सांगावं लागतं. गर्दीत आपली माणसं पेरून खोट्या बोली लावणं बेकायदा आहे. हातोडा पडला की त्याच दिवशी करारावर सही आणि साधारण दहा टक्के रक्कम. नंतर मन बदलायला मुभा नाही, 'कर्ज मंजूर झालं तर' अशी अटही चालत नाही.

इथे इंजिनियर १०६ लाखांवर गप्प होतो, शिक्षक ११२ वर, आणि जोडपं ११२ लाखांच्या किंचित वर घर घेऊन जातं. चढत्या लिलावात किंमत पहिल्याची नव्हे, दुसऱ्याची ऐपत ठरवते. म्हणून विकणाऱ्याला एक श्रीमंत गिऱ्हाईक पुरत नाही, दोन लागतात. पावसाळी शनिवारी फक्त जोडपं आलं तर लिलाव रेघेखालीच अडतो आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याशी घरात बसून बोलणी सुरू होतात. म्हणजे फिरून पुण्याचीच पद्धत.

दुसरं गिऱ्हाईक आणायचं तर जाहिरातीतला आकडा कमी ठेवावा, ही युक्ती यातूनच जन्मली. शंभरचं घर ऐंशीचं सांगा, वीस जण येतील, त्यांतले दोघे इरेला पेटतील. पाहणीवर आणि वकिलावर पैसे खर्चून आलेले बाकीचे अठरा हात हलवत परत जातात. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्याने १ मे २०१७ पासून एजंटांना अंदाजे किमतीचा पट्टा दहा टक्क्यांहून रुंद न ठेवण्याचं आणि जवळच्या तीन तुलनीय विक्री दाखवण्याचं बंधन घातलं. आमिषाच्या भावाबद्दलच्या तक्रारी तरी चालूच राहिल्या. स्वीडनमध्ये या प्रकाराला लोकांनी थेट आमिषाची किंमत असं नावच दिलं आहे.

तिसरा प्रश्न शब्दाचा. नॉर्वेत बोली लेखी जाते, तिला मुदत असते आणि ती स्वीकारली की बांधते. शेवटच्या जाहीर पाहणीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या आतली मुदत घालता येत नाही, म्हणजे कोणी घाई करून बाकीच्यांना बाहेर ठेवू नये. शिवाय व्यवहार झाल्यावर घेणाऱ्याला सगळ्या बोलींची नोंदवही पाहायला मिळते. आपल्याकडच्या 'दुसऱ्या पार्टी'ला तिथे नाव आणि वेळ लागते. इंग्लंडात याच्या नेमकं उलट: किंमत ठरल्यानंतरही करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेलं नसतं. मधल्या आठवड्यांत विकणारा जास्त देणाऱ्याकडे वळतो, नाहीतर घेणारा अगदी शेवटी 'दहा हजार कमी करा, नाहीतर चाललो' म्हणतो. अशा बाजारात कबूल केलेली किंमत ही पुढच्या घासाघिशीची सुरुवात ठरते. आपली टोकन पद्धत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. लाखभर रुपये आणि एक पावती. मालकाला पाच लाख जास्त देणारा भेटला तर टोकन परत करायला त्याला फारसं जड जात नाही. साठेखत नोंदलं जाईपर्यंत किंमत ओलीच असते.

बोलीच नको म्हटलं तर काय होतं हे म्हाडाच्या सोडतीत दिसतं. किंमत आधीच ठरलेली, अर्जदार हजारोंनी, निवड संगणकाची. आपलं घर ९० लाखांना सोडतीत आलं तर जोडपं, शिक्षक, इंजिनियर तिघांची शक्यता सारखीच. बाजारभाव आणि सोडतीचा भाव यांतला फरक नशिबाचं बक्षीस होतो. ते लगेच विकून वटवता येऊ नये म्हणून पाच वर्षं विक्रीबंदी असते, आणि आम्ही एकही एजंट नेमलेला नाही असं म्हाडाला दर सोडतीत सांगावं लागतं. दाबलेली बोली कुठून तरी डोकं वर काढतेच. उलट ठरवलेली किंमतच चढी असली की घरं पडून राहतात. दक्षिण मुंबईतल्या काही कोट्यवधींच्या म्हाडा घरांचं तसं झालं.

शेवटचा प्रकार बँकांच्या लिलावाचा. कर्ज थकलं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक घर ताब्यात घेते, मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवते आणि 'जसे आहे जिथे आहे' या बोलीवर वर्तमानपत्रात नोटीस देते. राखीव किंमत उघड असते, बोली ऑनलाइन चढते, बनावट पार्टीला वाव कमी. कागदावर ही या सगळ्यांतली सर्वांत स्वच्छ रीत. तरी अशी घरं बाजारभावाच्या खालीच जातात असा सर्वसाधारण अनुभव आहे. आत राहणारं कुटुंब बाहेर पडेल का, सोसायटीची थकबाकी किती, हे धोके आहेतच. शिवाय पहिल्या फेरीत कोणी आलं नाही तर बँक बहुधा राखीव किंमत उतरवते, आणि या लिलावांत वावरणाऱ्यांना ते पाठ असतं. ते पहिली नोटीस कापून ठेवतात आणि दुसरीची वाट बघतात. त्यातून पैसे भरायचं वेळापत्रक असं: पाव रक्कम बोली मंजूर झाल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेली विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत, मुदत वाढवून मिळाली तरी कमाल तीन महिने. जोडप्याची ऐपत ११८ लाखांची असली तरी त्यातले बरेचसे गृहकर्जाचे आहेत आणि ते इतक्या लवकर हातात पडतील याची खात्री नाही. शिक्षकांचे मुदत ठेवींत आहेत, त्यांना जमेल. तेव्हा या लिलावात शिक्षक आणि एखादा रोख पैसेवाला गुंतवणूकदार, असे दोघेच उरतात. घर १ कोटी ४ लाखांच्या आसपास जातं आणि ज्यांना ते सर्वांत जास्त हवं होतं ते जोडपं यादीतच नसतं.